सपनातलं लागत नाही

"सर, तुमी काल माह्या चाफ्याची फांदी तोडली."

पांढरकवड्याच्या त्या घरात भाड्याने राहायला गेलो, त्याच आठवड्यात एका सकाळी घरमालकांनी माझ्यावर हा आरोप ठेवला. मी अंगणात दात घासत होतो. तोंडातला फेस सांभाळत चाफ्याकडे पाहिलं. चाफा जसाच्या तसा होता. फांद्या होत्या, फुलं होती, बुंध्याशी मांजर झोपलं होतं. मी ब्रशानेच विचारलं, कुठली फांदी?

"इथची नाही. सपनातली."

"असं होय," मी म्हणालो.

"असं होय काय? विचाराले पायजे होतं ना. मी नाही म्हटलं असतं का?"

आतून काकूंचा आवाज आला, "सर, माफी मागून टाका. नाही तं दिवसभर जेवनार नाहीत ते."

मी माफी मागितली. ते लगेच निवळले आणि मला चहाला बसवलं. तेव्हापासून कळलं की या घरात स्वप्नात घडलेलं घडलेलंच धरायचं असतं. पुढे स्वप्नात मी त्यांच्या विहिरीत चप्पल पाडली, त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवणावरून कुरकुर केली आणि एकदा तर त्यांना न विचारता त्यांचं नाव लावून आदिलाबादपर्यंत रेल्वेने जाऊन आलो. मी कॉलेजात भूगोल शिकवत होतो, त्यामुळे हा प्रवास त्यांना विशेष संशयास्पद वाटला. दर वेळी मी माफी मागत गेलो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. माझ्या जागेपणीच्या आयुष्यात एवढं काही घडत नव्हतं.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे. आमच्या कोल्हापूरकडे काकाला कुणी 'जी' लावत नाही, लावला तर काका दचकतील. इकडे तो सहज लागतो. काकाजी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते आणि मी गेलो तेव्हा नुकते निवृत्त झाले होते. गाडीतला कापूस हातात घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचा, धाग्याची लांबी पाहायची आणि दर्जा सांगायचा, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. पांढरा धागा काळ्यावर नीट दिसतो म्हणून ते काळं जाकीट घालत. नोकरी संपली तरी जाकीट संपलं नाही. मे महिन्यात पांढरकवड्याच्या कावळ्यांनाही आपण काळे असल्याचा पश्चात्ताप होतो, पण काकाजींचं जाकीट अंगावर असेच. "कोनी कापूस घेऊन आलं तं?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आणि लोक येतही. बाजारात नेण्याआधी पिशवीतून मूठभर कापूस आणत, जाकिटावर धागा ठेवून पाहत आणि काकाजी काय म्हणतात ते कान देऊन ऐकत.

कापूस नसला तर ते माणसं बघत. दोन बोटांत समोरच्याचा दंड धरायचा, जरासा ओढायचा आणि डोळे मिटून दर्जा सांगायचा. लांब धागा, मध्यम धागा, आणि सगळ्यांत खालची कवडी, म्हणजे किडीने डागाळलेला, नीट न उमललेला कापूस. मला पहिल्याच दिवशी कवडी मिळाली. पोस्टमनला मध्यम. एका आमदाराचा दंडही त्यांनी असाच धरला होता असं म्हणतात, पण दर्जा काय सांगितला ते विचारलं की हसायचे.

काकूंचा दंड मात्र त्यांनी कधी धरला नाही. एकदा मी चिडवायला विचारलं, "काकाजी, काकूंचा दर्जा कोणता?"

ते एकदम गंभीर झाले. "घरचा माल ग्रेडरनं ग्रेड कराचा नसते, सर. नियम हाय."

"जन्मभर हेच सांगून राह्यले," काकू म्हणाल्या. "मले आपलं कळलंच नाही मी कोनता कापूस."

घर महानुभाव पंथाचं होतं. उंबरठ्यावर भेटणाऱ्याला 'दंडवत प्रणाम' आणि खोली देताना एकच अट, घरात मास-मच्छी शिजणार नाही, अंडंसुद्धा नाही. ही अट काकूंनी सांगितली होती आणि सांगताना माझ्या पिशवीवरचं कोल्हापूरच्या दुकानाचं नाव वाचलं होतं. मी म्हणालो, मी बाहेर खाईन. "बाहेर खा," त्या म्हणाल्या, "पन येताना तोंड धुऊन या." रविवारी दुपारी खानावळीतून परतताना मी नळावर तोंड धुवायचो आणि त्या खिडकीतून बघायच्या.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी वर्तमानपत्र उघडायला नको वाटे. शेतकऱ्याने जीव दिला म्हणून कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचंच, आणि ते गाव काकाजींनी गाड्यांवरून ओळखलेलं असायचं. ते पेपर वाचत नसत. पण हिवाळ्यात सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांची रुई हवेत उडायला लागली, चाफ्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, मांजराच्या मिशांवर बसायला लागली, की त्यांची स्वप्नं बदलत.

"काल गाड्या लागल्या होत्या," ते सकाळी सांगत. "इथून केळापूरपर्यंत. बैल चूप, मानसं चूप. एकेक जन पुढं येते, कापूस दाखवते. मी म्हणतो लांब धागा. सारेच लांब धागा. एकालेही खालचा दर्जा देत नाही मी."

"मग?" मी विचारायचो.

"मग काही नाही. ते म्हणतात, आता काय उपेग, काकाजी."

काकू चहाचा कप त्यांच्या हातात नीट बसवायच्या, बोटं एकेक करून. मी रुईकडे बघत बसायचो. ती कधीच सरळ खाली पडत नसे, वर जाई, थांबे, विसरल्यासारखी परत येई.

मग काकाजींना ते दुखणं निघालं. लघवीच्या जागची गाठ असं गावात म्हणाले. नागपूरच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर म्हटलं आणि ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकली. मुलगी लग्न होऊन लांब, तिला बाळ झालेलं, म्हणून सोबत मी गेलो. दवाखान्यातून सुटायच्या दिवशी मी औषधं आणायला खाली उतरलो होतो, काकाजी आत कपडे बदलत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी काकूंना बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. परत आलो तर काकूंचा चेहरा उतरलेला. एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि हिंगणघाट मागे पडलं तरी बाहेरच बघत राहिल्या. मी समजलो ते समजलो. विचारायचा धीर झाला नाही.

काकाजी घरी आले ते अर्धे होऊन. जाकीट खुंटीला टांगल्यासारखं अंगावर लोंबायचं. सकाळी ते स्वतःचाच दंड दोन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मध्यम." मग काही दिवसांनी, "कवडी." हसून म्हणायचे, पण सोबत कुणी हसत नसे. काकू भाजी निवडता निवडता थांबायच्या.

एका रविवारी, मी खानावळीत जायला निघालो तर काकू माझ्या दारात उभ्या. कधी उंबरठ्याच्या आत येत नसत, त्या दिवशी आल्या.

"सर, एक विचारू? तुमच्याकडे ते कसं करतात?"

"काय ते?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. "मास."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, गाठ तर काढली, पण हे दुखणं परत येऊ शकतं. काही माणसांच्या अंगात एक गोष्ट कमी असते, त्यांच्यात ते जास्त येतं म्हणे. तेव्हा ती कमी पडू देऊ नका.

"कुठली गोष्ट?"

"मसाला मास," काकू म्हणाल्या.

"मसाला मास? असं म्हणाले डॉक्टर?"

"दोनदा म्हनले. मसाला मास जाऊ देऊ नका, काकू, त्याच्यावर लक्ष ठेवा."

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कोणता डॉक्टर झणझणीत रस्सा सांगेल, असं माझ्या मनात आलं. पण डॉक्टर नागपूरचा, सावजी मटणाच्या गावचा. तिथे तर्री म्हणजे औषधच समजत असतील. आणि आमच्या कोल्हापुरात तरी काय वेगळं, सर्दीलाही पांढरा रस्सा सांगतात. मला ते पटलं, हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र हसायसारखं काही नव्हतं.

"काकाजींना सांगितलं का?"

"त्यायले सांगतलं तं मरतीन, पन खानार नाहीत. मी वांग्यात मिसळून देते. कळनार नाही त्यायले." त्यांनी पदर घट्ट धरला होता. "पाप लागन ते मले लागू द्या. स्वामीले मी सांगीन काय सांगाचं ते. मले हा मानूस पायजे, सर."

मी पिशवी घेऊन निघालो.

त्या घरात पहिल्यांदा मटण शिजलं ते माझ्या स्टोव्हवर. काकू उंबरठ्यावर पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी कांद्याकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. "मसाला टाका, सर." टाकला, मी म्हणालो. "आनखी टाका. डॉक्टरनं मसाल्याचं सांगतलं हाय." मी आणखी टाकला. वाफ अंगणात गेली. जिनिंगकडून रुई येत होती, ऊन मवाळ होतं, आणि सगळं गाव जेवून पडलं असावं अशी शांतता होती. मला वाटलं, हे काकाजींच्या स्वप्नातलंच काहीतरी चाललंय आणि उद्या मला याची माफी मागावी लागणार.

काकाजी चाफ्याखाली खाटेवर झोपले होते. जाकिटाची घडी उशाला, छातीवर रुई. काकू वांग्यात मिसळलेल्या मटणाची वाटी अंगापासून लांब धरून, पाण्यातून चालल्यासारख्या गेल्या आणि खाटेजवळ थांबल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्या वाकल्या, त्यांच्या तोंडाजवळ गेल्या, आणि तशाच राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मांजर उठलं, आळस देऊन परत झोपलं. मग काकू सरळ झाल्या आणि उलट्या पावली आल्या. वाटी माझ्या खिडकीत ठेवली.

"झोपेल हायेत ते," त्या म्हणाल्या. "घरातून काढून टाका, सर, हे."

त्या डोक्यावरून न्हायला गेल्या. मी भांडं घेऊन गावाबाहेर गेलो, सागाच्या झाडाखाली दगडावर बसलो आणि सगळं एकट्याने संपवलं. कोल्हापूरच्या माणसाच्या हातून मटण टाकवत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. मसाला फारच पडला होता.

संध्याकाळी चहाला काकाजी जाकीट घालून बसले होते. जरा टवटवीत दिसत होते.

"आज दुपारी सपन पडलं मले," ते म्हणाले. "सरच्या खोलीत मास शिजून राह्यलं होतं. अन् ही वाटी घेऊन आली."

काकूंचा कप बशीत वाजला. "अन् मग?"

"मग काय? खाल्लं."

"खाल्लं?"

"वाटीभर. भल्लं तिखट होतं वं. पन झालं आता. पुन्हा खाची गरज नाही."

"तुमाले... पाप?"

"सपनात खाल्लं मी. सपनातलं लागत नाही."

काकूंनी पदरात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसतात की रडतात मला कळेना. मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, "काकाजी, हे कसं? चाफ्याची फांदी लागते, आदिलाबादची रेल्वे लागते. मी सगळ्याच्या माफ्या मागितल्यात."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. "ते तुमचं. हे माहं."

पुढच्या तपासणीला आम्ही तिघे डॉक्टरांसमोर बसलो. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. डॉक्टर काकाजींकडे बघून म्हणाले, "वजन उतरलंय तुमचं. मी काकूंना म्हटलं होतं, मसल मास जाऊ देऊ नका."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ते म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?" काकाजींनी अगदी शांतपणे विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरून हात पुढे केला आणि दोन बोटांत त्यांचा दंड धरला. "हे. दंडाचं, मांडीचं मांस. स्नायू."

"अरे, मग धागा म्हना ना!" काकाजी ओरडले. बाहेरची नर्स आत डोकावली.

डॉक्टर चांगला होता, त्याने समजावून सांगितलं. ज्यांचे स्नायू कमी त्यांच्यात हा आजार जास्त परततो असं काही जण म्हणतात, काहींना तेवढा संबंध दिसत नाही. खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण अंगात ताकद असली तर पुढे जे येईल ते सोसायला बरं. चाला, हलकी वजनं उचला, डाळ, दूध, शेंगदाणे, भिजवलेले चणे खा. चणे हा शब्द ऐकून काकूंनी डोळे मिटून हात जोडले. डॉक्टरला वाटलं त्याला नमस्कार केला.

खरेदी केंद्राच्या भंगारात निघालेली लोखंडी वजनं काकाजींनी कधीतरी घरी आणून ठेवली होती. ती आता बाहेर आली. सकाळी चाफ्याखाली, जाकीट घालून, ते वजनं उचलायचे. आकडे मोजत नसत, गावं मोजत. "करंजी... मोहदा... पाटणबोरी... राजूर... ढाणकी..." ज्या ज्या गावच्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या ती सगळी. एखाद्या गावाशी वजन वरच थांबायचं आणि ते पुढचं नाव घ्यायचे नाहीत. मग काकू आतूनच पुढचं गाव सांगायच्या, आणि वजन खाली यायचं. रस्त्यावरची पोरं कुंपणाशी उभी राहून हसायची. काकाजी त्यांनाही बोलावून दर्जा सांगायचे.

हंगाम संपला की कपाशी उपटून टाकावी, तिला पुन्हा पाणी देऊन उरलासुरला कापूस घेऊ नये, असं ते जन्मभर शेतकऱ्यांना ओरडून सांगत आले होते. त्या उरल्यासुरल्या पिकाला फरदड म्हणतात, आणि अळी फरदडीतच मुक्काम ठोकते, पुढच्या वर्षी परत येते. वजनं उचलून घामाघूम झाले की ते म्हणायचे, "लोकायले सांगत होतो फरदड घेऊ नका, अन् आता मीच फरदड झालो."

"मग व्हा ना," काकू म्हणायच्या. "कोन उपटून राह्यलं तुमाले?"

दंड मध्यमवर आला, मग एका सकाळी त्यांनी मला झोपेतून उठवून "लांब धागा!" असं ओरडून सांगितलं. रिपोर्ट चांगले येत राहिले. माझी बदली झाली, मी कोल्हापूरकडे परत गेलो. तिथेही फोन यायचे. "सर, काल तुमी आले अन् न जेवता गेले." मी फोनवर माफी मागायचो. बायको विचारायची, कोण, काय केलंस तू त्यांचं?

बऱ्याच वर्षांनी एक फोन काकूंचा आला. "रक्तात पुन्हा दिसून राह्यलं, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

मी गेलो. चाफा तसाच होता, त्याखाली खाट होती, हिवाळ्याचं ऊन होतं आणि रुई उडत होती. काकाजी उशांना टेकून बसले होते. इतक्या वर्षांनी दुखणं परतलं होतं. काकू म्हणाल्या, अंगात धागा होता म्हणून औषधं सोसली, डॉक्टरही तेच म्हणाले. पण नव्या औषधांनी त्यांची झोप गेली होती आणि झोपेबरोबर स्वप्नंही. सकाळी सांगायला काही नसलं की ते दिवसभर भिंतीकडे बघत राहायचे. तेव्हापासून सकाळचं स्वप्न काकू सांगत. ज्या बाईने "मले सपनं पाहाले टाइम कुठी?" असं जन्मभर म्हटलं, ती रोज चहाबरोबर एक स्वप्न तयार करून आणायची. काकाजी मन लावून ऐकायचे, मध्येच दुरुस्त्या करायचे.

त्या सकाळी मीही बसलो होतो.

"काल मले सपन पडलं," काकू म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं, मग नजर खाली केली. "तुमी इथं चाफ्याखाली झोपेल होते. अन् मी हातात वाटी घेऊन उभी होती."

काकाजींच्या जाकिटावर रुईचा पुंजका येऊन बसला, तो त्यांनी बोटांनी उचलला, सवयीने थोडा ओढला, आणि तसाच धरून ठेवला.

"झोपेल नव्हतो मी," ते म्हणाले. "जागाच होतो. वास आलता. तू वाटी पुढं केली असती तं खाल्लं असतं. ईश्वरापुढं जे झालं असतं ते झालं असतं."

"माहीत हाय मले," काकू म्हणाल्या. "पापनी हालत होती तुमची. जागेपनी खाल्लं असतं तं पाप तुमाले लागलं असतं, म्हून तं परत नेली."

मी कपाकडे बघत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि या वेळी मसाल्याचं निमित्तही नव्हतं.

काकाजींनी हातातली रुई सोडून दिली. हात पुढे केला, काकूंचा दंड दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले.

"लांब धागा," ते म्हणाले. "एक नंबर."

"नियम मोडला तुमी," काकू म्हणाल्या.

"हाव," काकाजी म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, आणि दंड त्यांनी सोडला नव्हता. "एक तरी मोडू दे."